वाचकांचे प्रश्न : सुपरफूड रोजच्या स्वयंपाकात

सुपरफूड या विषयावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच अडचणीभोवती फिरतात. जाहिरात वाचून एखादा जिन्नस मोठ्या उत्साहाने घरी आणला जातो, दोन-चार वेळा कसाबसा खाल्ला जातो आणि मग त्याचे अर्धे पाकीट कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात पडून राहते. म्हणून या वेळी गुणधर्मांच्या याद्यांपेक्षा स्वयंपाकाच्या प्रश्नांना अधिक जागा दिली आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : एखाद्या पदार्थाला सुपरफूड म्हणायचे की नाही, हे नेमके कोण ठरवते? त्यासाठी काही वैज्ञानिक निकष आहेत का?

उत्तर : असे निकष नाहीत. आहारशास्त्रात सुपरफूड नावाचा वर्गच नाही. ही संज्ञा विक्रीच्या व्यवहारातून आली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील युनायटेड फ्रूट कंपनीने केळ्यांचा खप वाढवण्यासाठी चालवलेल्या प्रचारापासून तिचा इतिहास सांगितला जातो. आजच्या सुपरफूडच्या याद्यांत केळे मात्र क्वचितच दिसते. जे सर्वत्र आणि सहज मिळते त्याला असे बिरूद लावून विक्रेत्याला फारसा लाभ होत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

युरोपीय संघात 2007 पासून नियम असा आहे की, विशिष्ट आणि मान्यताप्राप्त आरोग्यविषयक दाव्याची जोड असल्याखेरीज हा शब्द विक्रीसाठी वापरता येत नाही. अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणाऱ्या ‘ओरॅक’ या आकड्याचाही एके काळी मोठा बोलबाला होता आणि फळांच्या रसांपासून भुकटीपर्यंत सगळ्या पाकिटांवर तो झळकत असे. परीक्षानळीत मोजलेली ही क्षमता शरीरात तशीच प्रकट होते असे दिसत नाही आणि या आकड्यांचा जाहिरातीसाठी गैरवापर होतो, अशी कारणे देऊन अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये आपला ओरॅक-तक्ता मागे घेतला. जुन्या पाकिटांची भाषा आजही अधूनमधून वाचायला मिळते, म्हणून हे सांगितले.

याउलट, ज्यांच्या बाजूने भक्कम पुरावा आहे असे काही पदार्थ अगदीच साधे आहेत. ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू दिवसाला 3 ग्रॅम पोटात गेल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, हा दावा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1997 मध्येच मान्य केला. त्यासाठी रोज साधारण वाटीभर कोरडे ओट्स शिजवावे लागतात.

प्रश्न : वाळवलेल्या पानांच्या भुकटीच्या पाकिटावर ‘दुधाच्या कित्येक पट कॅल्शियम, पालकाच्या कित्येक पट लोह’ असे छापलेले असते. स्पिरुलिना या शेवाळाच्या भुकटीबद्दलही प्रथिनांचे असेच आकडे दिसतात. हे खोटे असते का?

उत्तर : आकडे बहुधा खरे असतात, तुलना मात्र फसवी असते. ताज्या पानांत साधारण तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. पाने वाळवली की पाणी जाते आणि उरलेल्या 100 ग्रॅममधील प्रत्येक घटकाचा आकडा चार-पाच पटींनी वाढलेला दिसतो. पानांत नवे काही आलेले नसते. त्यात पुन्हा ही तुलना 100 ग्रॅमला 100 ग्रॅम अशी केलेली असते. ताजी पालेभाजी 100 ग्रॅम खाणे सहज शक्य आहे, पण भुकटी कोणी चमचाभरापेक्षा अधिक खात नाही.

स्पिरुलिनाचे उदाहरण घ्या. तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो, हे बरोबर आहे. परंतु चहाच्या चमचाभर, म्हणजे सुमारे 3 ग्रॅम भुकटीतून पावणेदोन ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात आणि एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात. ज्या चवीला आणि वासाला बहुतेक लोक नाक मुरडतात, तिच्यासाठी हा सौदा मला तरी महाग वाटतो. पूर्ण शाकाहारी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे : स्पिरुलिनात जे ब-12 जीवनसत्त्व असल्याचे सांगितले जाते, त्याचा मोठा भाग माणसाच्या शरीराला निरुपयोगी असलेल्या रूपात असतो. ब-12 साठी तिच्यावर विसंबून राहू नये.

पाकिटावरील कोणताही आकडा वाचताना तो आपण एका वेळी खरोखर जेवढे खातो तेवढ्या प्रमाणात उतरवून पाहावा. त्यानंतरही तो आकडा लक्षणीय राहिला, तर तो पदार्थ जरूर घ्यावा.

प्रश्न : चियाचे बी घरी आणले आहे, पण भिजवल्यावर होणारा बुळबुळीतपणा घरात कोणालाच आवडत नाही. ते न भिजवता खाल्ले तर चालते का? आणि जवस हा त्याला पर्याय होऊ शकतो का?

उत्तर : चिया ही पुदिन्याच्या कुळातील, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली वनस्पती आहे. तिच्या बियांच्या आवरणातून पाण्यात जो चिकट तंतू बाहेर येतो, तो बीच्या वजनाच्या साधारण दहापट पाणी धरून ठेवतो. आपल्याला न आवडणारा बुळबुळीतपणा आणि बीचा मुख्य गुण या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. तेव्हा तो घालवण्याच्या खटपटीत न पडता, जिथे दाटपणा हवाच असतो अशा ठिकाणी चिया वापरावी.

सर्वांत सोपा प्रयोग फळांच्या झटपट जॅमचा आहे. पिकलेली, किंचित आंबट फळे वाटीभर घेऊन मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवावीत, पळीने ठेचावीत, गॅस बंद करून त्यांत एक ते दोन मोठे चमचे चिया मिसळावी आणि मिश्रण थंड होऊ द्यावे. एरवी जॅम घट्ट होण्यासाठी साखरेचे मोठे प्रमाण आणि बराच वेळ आटवणे लागते. इथे ते काम बी करते, त्यामुळे साखर चवीपुरती पुरते. मात्र साखर कमी असल्यामुळे हा जॅम टिकाऊ नसतो. तो फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवावा. टोमॅटोचे सूप पातळ झाले असेल तर बी दळून त्यात घातल्यास दाटपणा येतो आणि दाणे दातांखाली येत नाहीत. पाव किंवा बिस्किटांच्या पिठात कोरडे बी मळले तर भाजल्यावर ते कुरकुरीत लागते, बुळबुळीत अजिबात लागत नाही. अंड्याशिवाय केक करायचा असेल तेव्हा एक मोठा चमचा दळलेली चिया तीन चमचे पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून एका अंड्याच्या जागी घालता येते. केक किंचित जड होतो, पण तो बांधला नीट जातो.

दुधात किंवा दह्यात भिजवायचीच असेल, तर वाटीभर द्रवाला तीन मोठे चमचे हे प्रमाण ठेवावे आणि पाच मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळावे. हे दुसरे ढवळणे अनेक जण विसरतात आणि मग तळाशी गठ्ठा बसतो. पुरेसा वेळ, शक्यतो रात्रभर, भिजलेली चिया पुडिंगसारखी एकजीव होते. अर्धवट भिजलेली चियाच सर्वांत नकोशी वाटते.

न भिजवता खाण्याबद्दल : ओलसर पदार्थावर थोडी भुरभुरायला हरकत नाही, परंतु कोरडे बी चमचाभर तोंडात टाकून वरून पाणी पिण्याचा प्रकार करू नये. अशा रीतीने खाल्लेले बी अन्ननलिकेतच फुगून अडकल्याचे आणि ते एंडोस्कोपीने काढावे लागल्याचे प्रकरण 2014 मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय परिषदेत मांडले गेले होते. गिळण्याचा त्रास असणाऱ्यांनी विशेष जपावे.

जवस हा उत्तम पर्याय आहे आणि चवीच्या दृष्टीने मला तो चियापेक्षा अधिक आवडतो, कारण चियाला स्वतःची अशी चव जवळपास नसतेच, तर हलके भाजलेले जवस खमंग लागते. दोन्हींत अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-3 आम्ल मुबलक असते. एक मोठा चमचा जवसाच्या पुडीत ते सुमारे दीड ग्रॅम असते आणि अमेरिकी मानकांनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला 1.6 व स्त्रीला 1.1 ग्रॅम पुरेसे मानतात. माशांतून मिळणाऱ्या ओमेगा-3 आम्लांमध्ये त्याचे रूपांतर शरीरात फार थोडे होते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. जवस दळूनच खायचे असते, कारण त्याचे कठीण आवरण पुष्कळदा न पचता तसेच बाहेर पडते. दळल्यावर ते लवकर खवट होते. ज्या गुणामुळे जवसाचे तेल हवेत सुकून चित्रकाराच्या तैलरंगांत घट्ट थर धरते, तोच हा गुण : त्यातील तेल प्राणवायूशी झपाट्याने संयोग पावते. म्हणून आठवडाभर पुरेल एवढेच दळून घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवावे आणि रंगासारखा वास येऊ लागला की बिनदिक्कत फेकून द्यावे.

प्रश्न : किनोआ दर वेळी एक तर कडू होतो नाही तर गिचका होतो. चूक कुठे होते?

उत्तर : कडूपणा धुण्यात असतो आणि गिचका पाण्याच्या प्रमाणात. किनोआच्या दाण्यावर सॅपोनिन या कडवट, फेसाळणाऱ्या द्रव्याचा थर असतो. पक्षी आणि कीटक दूर ठेवण्यासाठी झाडाने केलेली ती व्यवस्था आहे. पाकिटावर ‘धुतलेला’ असे लिहिलेले असले तरी बारीक जाळीच्या गाळणीत घेऊन, वाहत्या पाण्याखाली बोटांनी चोळत, फेस थांबेपर्यंत तो धुवावा. जाळी बारीक नसेल तर निम्मे दाणे पाण्याबरोबर निघून जातात.

पाकिटावर बहुधा एकास दोन असे पाण्याचे प्रमाण दिलेले असते. धुतलेल्या दाण्याने आधीच थोडे पाणी धरलेले असल्यामुळे मोकळा किनोआ हवा असेल तर पावणेदोन पट पाणी पुरे. धुऊन निथळलेले दाणे कोरड्या पातेल्यात दोन-तीन मिनिटे परतावेत, खमंग वास आला की पाणी व मीठ घालून उकळी आणावी, आच अगदी मंद करून झाकण ठेवावे आणि पंधरा मिनिटांनी गॅस बंद करावा. त्यानंतर झाकण न काढता दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. या दहा मिनिटांत उरलेली वाफ दाण्यांत मुरते. मधेच झाकण काढून ढवळले की दाणे फुटतात. प्रत्येक दाण्याभोवती पांढऱ्या अंकुराची कडी सुटलेली दिसली, की तो शिजला असे समजावे. मग काट्याने मोकळा करावा.

चवीबद्दल माझे मत असे की, किनोआ भातासारखा वाढला की लोक निराश होतात, कारण मनात भाताची अपेक्षा असते. तो खरे तर राजगिऱ्याच्या आणि पालकाच्या कुळातला आहे आणि त्याला मातकट, किंचित गवतासारखी चव आहे. थंड करून त्यात लिंबू, भरपूर चिरलेली कोथिंबीर किंवा पुदिना, काकडी, डाळिंबाचे दाणे आणि भाजलेले बदाम घातले की हीच चव आधारासारखी काम करते. उरलेला किनोआ सुपात घालावा किंवा उकडलेला बटाटा आणि अंडे यांच्याबरोबर मळून त्याच्या टिक्क्या कराव्यात. त्या बाहेरून छान कुरकुरीत होतात.

पोषणाच्या बाबतीत त्यात सर्व नऊ आवश्यक अमिनो आम्ले असतात, हे खरे आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे वर्ष आंतरराष्ट्रीय किनोआ वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा या गोष्टीचा बराच प्रचार झाला. तरीही शिजवलेल्या 100 ग्रॅम किनोआत प्रथिने साडेचार ग्रॅमच्या आसपास असतात, तर तेवढ्याच शिजवलेल्या मसुरात सुमारे 9 ग्रॅम. संयुक्त राष्ट्रांनी 2016 हे वर्ष कडधान्यांनाही अर्पण केले होते. त्याचा गाजावाजा कमी झाला. दोन्ही एकत्र करून खाण्यास अर्थातच काहीच हरकत नाही आणि ते मिश्रण लागतेही चांगले.

प्रश्न : शिजवल्याने सगळी जीवनसत्त्वे नष्ट होतात, म्हणून ब्रोकोली, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), पालक, बीट हे सारे कच्चेच खावे, असे एका परिचिताने सांगितले. कच्च्या पालेभाज्या घरी कोणी खात नाही. काय करावे?

उत्तर : परिचितांचे म्हणणे क जीवनसत्त्वापुरते बऱ्याच अंशी खरे आहे, ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने घटते. परंतु प्रत्येक भाजीत महत्त्वाचा घटक वेगळा असतो आणि तो उष्णतेला वेगवेगळा प्रतिसाद देतो. त्यामुळे एकच नियम सगळ्यांना लावला की काही भाज्यांचे नुकसानच होते.

टोमॅटोचे पाहा. त्याचा लाल रंग ज्या लायकोपीनमुळे असतो, ते कच्च्या टोमॅटोच्या पेशींत अडकून राहते. तेलात शिजवल्यावर पेशी फुटतात आणि लायकोपीन शरीरात अधिक सहज शोषले जाते. गाजरातील आणि लाल भोपळ्यातील बीटा-कॅरोटीनचेही तसेच आहे. हे सारे घटक स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्यामुळे कच्च्या सॅलडवरही थोडे तेल, दाणे किंवा ॲव्होकाडो असणे फायद्याचे ठरते. केवळ लिंबू पिळून खाल्लेले ‘हलके’ सॅलड आरोग्यदायी समजले जाते खरे, पण त्यातला बराचसा रंग शरीराच्या उपयोगी न पडताच निघून जातो.

पालकाची गोष्ट निराळी आहे. त्यात कॅल्शियम भरपूर असले तरी ऑक्झॅलेट या पानांतल्याच, मूतखड्याला हातभार लावू शकणाऱ्या द्रव्याबरोबर ते इतके घट्ट बांधलेले असते की शरीरात त्यातले सुमारे 5 टक्केच शोषले जाते. केलमध्ये ऑक्झॅलेट कमी असल्याने हेच प्रमाण 40 टक्क्यांच्या घरात जाते. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून ते पाणी टाकून दिले तर ऑक्झॅलेटचा काही भाग निघून जातो. रोज सकाळी मूठमूठ कच्चा पालक मिक्सरमध्ये फिरवून पिणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांना मूतखड्याचा त्रास झाला आहे अशांनी, ही सवय डॉक्टरांना सांगावी.

ब्रोकोलीच्या बाबतीत स्वयंपाकघरातला क्रम महत्त्वाचा ठरतो. 1992 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ब्रोकोलीतून वेगळे काढलेले सल्फोराफेन हे द्रव्य, ज्यासाठी या भाजीचे कौतुक होते, अखंड भाजीत तयार स्वरूपात नसते. भाजी चिरली की पेशी फुटतात, मायरोसिनेज नावाचे विकर मोकळे होते आणि त्याच्या क्रियेने सल्फोराफेन बनते. उष्णतेने हे विकर निकामी होते. म्हणून ब्रोकोली आधी बारीक चिरून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवावी आणि मग शिजवावी, म्हणजे हवे ते द्रव्य तोपर्यंत तयार झालेले असते. एवढा वेळ नसेल किंवा भाजी गोठवलेली असेल, तर शिजवून झाल्यावर वरून चिमूटभर मोहरीची पूड घालावी. मोहरीतही हेच विकर असते, आणि तिचा झणझणीतपणा ब्रोकोलीला शोभतोही. गोठवण्यापूर्वी भाजी गरम पाण्यातून काढतात, त्यामुळे तिच्यातले विकर आधीच गेलेले असते. ब्रोकोली पाण्यात उकळण्याऐवजी तीन-चार मिनिटे वाफवावी किंवा मोठ्या आचेवर तव्यावर टाकून कडा तपकिरी होऊ द्याव्यात. जास्त शिजलेल्या ब्रोकोलीला येणारा गंधकाचा वास हेच अनेकांच्या नावडीचे मूळ असते.

लसणातही असाच प्रकार आहे. ठेचल्यावर दहा मिनिटे थांबून मग तो तेलात टाकावा. बीट मात्र सालीसकट भाजावे किंवा वाफवावे, कारण त्यातील नायट्रेट पाण्यात विरघळते. ते उकळून पाणी ओतून दिले की त्याच्याबरोबर नायट्रेटही जाते. बीट खाल्ल्यावर काहींना लघवी लालसर होते, त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

केल कच्चा खायचाच असेल तर जाड देठ काढून, पाने बारीक चिरून, मीठ आणि तेल लावून दोन मिनिटे हातांनी चांगली मळावीत. पाने निम्मी होतात, गडद दिसू लागतात आणि त्यांचा चिवटपणा जातो. तरीही कोणाला आवडला नाही, तर सुपात घालावा. घरचे आनंदाने खातात ती शिजवलेली भाजी, ताटात तशीच राहणाऱ्या कच्च्या भाजीपेक्षा केव्हाही अधिक पौष्टिक.

प्रश्न : ब्लूबेरी घातलेला केक आतून हिरवट-निळा निघाला. फळे खराब होती का? आणि गोठवलेल्या बेरी ताज्यांपेक्षा कमी दर्जाच्या असतात का?

उत्तर : फळे उत्तम असावीत, खाण्याचा सोडा जास्त पडला असावा. बेरींमधील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लालसर आणि अल्कधर्मी मिश्रणात निळे-हिरवे दिसते. सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरावी, किंवा सोडा वापरायचाच तर त्याला पुरेसे आंबट ताक अथवा दही पिठात असावे. फळांना थोडे कोरडे पीठ लावून, ती अगदी शेवटी, हलक्या हाताने मिसळावीत. गोठवलेली असतील तर न वितळवता घालावीत.

गोठवलेल्या बेरी मुळीच हलक्या प्रतीच्या नसतात. त्या पिकल्यावर तोडून लवकर गोठवतात, तर ‘ताज्या’ बेरींचा प्रवास पुष्कळदा लांबचा असतो. शिजवण्यासाठी त्याच घ्याव्यात.

प्रश्न : हळदीच्या कॅप्सूल घ्याव्यात का? दुधात हळद घालून पिण्याने तेवढाच लाभ होतो का?

उत्तर : हळदीचे गुण ज्या द्रव्याला चिकटवले जातात, त्या कर्क्युमिनचे प्रमाण हळदीत वजनाच्या साधारण 3 टक्के असते. म्हणजे चमचाभर हळदीतून 90 मिलिग्रॅमच्या आसपास कर्क्युमिन मिळते आणि तेही आतड्यातून फार थोडे शोषले जाते. मिऱ्यांतील पायपरिनमुळे हे शोषण अनेक पटींनी वाढते, असे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसून आले. तेव्हापासून बहुतेक कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क असतो. अडचण अशी की शोषण वाढले की धोकाही वाढतो : कर्क्युमिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदली गेली असून ऑस्ट्रेलियाच्या औषध-नियामक संस्थेने 2023 मध्ये त्याबद्दल इशारा दिला आहे. स्वयंपाकात वापरल्या जाणाऱ्या हळदीला हा इशारा लागू नाही, असेही त्या वेळी स्पष्ट करण्यात आले.

तेव्हा औषध म्हणून काही घ्यायचे असेल तर तो निर्णय डॉक्टरांबरोबर करावा आणि हळद स्वयंपाकात मसाला म्हणून, तिच्या चवीसाठी वापरावी. गरम तेलात ती मंद आचेवर काही सेकंद परतली की कच्चट वास जातो. करपली तर कडू होते. फ्लॉवर भाजण्यापूर्वी तेल, हळद, मिरपूड आणि मीठ एकत्र करून चोळल्यास तो देखणा आणि चविष्ट होतो. दुधात हळद आवडत असेल तर अवश्य प्यावी, आवडत नसेल तर त्यासाठी नाक दाबून बसण्याचे कारण नाही.

प्रश्न : वडील रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. त्यांच्यासाठी केलची भाजी आणि गोजी बेरी सुरू करण्याचा विचार आहे. चालेल का?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. गोळी वॉरफेरिनची असेल तर केल, पालक यांतील के जीवनसत्त्व तिच्या विरुद्ध काम करते. या भाज्या पूर्ण बंद करणे अपेक्षित नसते. त्यांचे प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे असावे, म्हणजे गोळीची मात्रा त्यानुसार ठरवता येते. एक आठवडा काहीच नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज वाटीभर, हे सर्वांत वाईट. गोजी बेरी उलट दिशेने काम करते आणि वॉरफेरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढवू शकते, ती टाळावी. नव्या प्रकारच्या काही गोळ्यांना के जीवनसत्त्वाचा अडथळा येत नाही, म्हणून गोळीचे नाव आधी पाहावे.

याच निमित्ताने इतर दोन गोष्टी. कोलेस्टेरॉलवरील आणि रक्तदाबावरील काही गोळ्या चालू असताना ग्रेपफ्रूट खाल्ल्यास रक्तातील औषधाचे प्रमाण धोकादायकरीत्या वाढू शकते. ब्राझील नट हे सेलेनियमसाठी उत्तम मानले जातात, पण प्रौढाची दिवसाची गरज 55 मायक्रोग्रॅमची असते आणि ती बहुधा एका दाण्यातच भागते. ते बदामांसारखे मूठभर रोज खाल्ले तर केस गळणे, नखे ठिसूळ होणे अशी सेलेनियम अति झाल्याची लक्षणे उद्भवू शकतात.

प्रश्न : रोज सकाळी दहा-बारा सुपरफूड एकत्र करून स्मूदी पितो. आता तिचा कंटाळा आला आहे. बंद केली तर तोटा होईल का?

उत्तर : खुशाल बंद करावी. दहा जिन्नस एकत्र फिरवले की कोणाचीच चव उरत नाही आणि तपकिरी-हिरव्या रंगाचे एक कर्तव्य तेवढे पेल्यात शिल्लक राहते. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या सल्ल्यानुसार फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला 150 मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये, कारण फळे फिरवली की त्यांतली साखर मोकळी होते. मोठा पेला त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे-भाज्या सुचवते, आणि त्या चावून, दोन-तीन जेवणांत विभागून खाण्यानेच पोट भरल्याचे समाधानही मिळते.

तेच दहा जिन्नस आठवडाभर वाटून घ्यावेत. एके दिवशी दह्यावर बेरी आणि अक्रोड, दुसऱ्या दिवशी ओट्समध्ये जवसाची पूड, तिसऱ्या दिवशी अंड्याबरोबर परतलेला पालक. ग्रीन टी त्याच पेल्यात घालत असाल तर तो वेगळा, जेवणानंतर तासाभराने प्यावा, कारण चहातील द्रव्ये वनस्पतिजन्य लोहाचे शोषण कमी करतात. पाणीही उकळते नसावे. 70 ते 80 अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटांत तो कडू न होता उतरतो.

प्रश्न : ॲव्होकाडो एक तर दगडासारखा कडक असतो, नाही तर आतून काळा निघतो. तो योग्य वेळी कसा ओळखावा? आणि अर्धा उरला तर काय करावे?

उत्तर : ॲव्होकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतो. कडक फळ केळ्याबरोबर किंवा सफरचंदाबरोबर कागदी पिशवीत ठेवावे; त्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे ते दोन-तीन दिवसांत तयार होते. मधोमध दाबून पाहू नये, तिथे डाग पडतो. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबल्यावर किंचित दबले की फळ पिकले. त्याच दिवशी खायचे नसेल तर लगेच फ्रिजमध्ये ठेवावे, म्हणजे आणखी दोन-तीन दिवस निभते. कडक फळ फ्रिजमध्ये ठेवले तर ते नीट पिकत नाही.

उरलेल्या अर्ध्या फळाला लिंबाचा रस लावून, हवा राहणार नाही अशा रीतीने वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म चिकटवावी. आत बी ठेवल्याने फळ काळे पडत नाही असे सांगतात, परंतु बीखाली झाकला गेलेला भाग तेवढाच वाचतो. वरचा थर तरीही तपकिरी झाला तर तो चमच्याने खरवडून काढावा. खालचा भाग चांगला असतो. ॲव्होकाडो शिजवू मात्र नये, कारण जास्त उष्णतेने तो कडवट होतो. गरम सूप किंवा भाजलेल्या पावावर तो वाढतेवेळीच घालावा.